पीसीएसके-९: एक मानवी प्रथिन आणि हृदयविकारावरील औषधे, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवताना आणि अधूनमधून ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये कोलेस्टेरॉलविषयी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ‘अमुक रोगाला कारणीभूत प्रथिन सापडले’ अशी बातमी वाचून पुढच्याच आठवड्यात औषधाच्या दुकानात चौकशी करणारे लोक मी पाहिले आहेत. प्रथिन सापडणे आणि त्यावर औषध निघणे यांत किती अंतर असते आणि ते क्वचितच का पार होते, हे एका यशस्वी उदाहरणावरून समजून घेता येते.

औषध-लक्ष्य म्हणजे नेमके काय?

आपल्या शरीरात सुमारे वीस हजार जनुके प्रथिने तयार करण्याच्या सूचना बाळगून असतात. यांपैकी एखाद्या प्रथिनाचे काम थांबवले, मंदावले किंवा वाढवले असता रोगाचा मार्ग बदलत असेल, आणि औषधाला ते प्रथिन गाठता येत असेल, तर त्या प्रथिनाला औषध-लक्ष्य म्हणतात. दोन्ही अटी आवश्यक आहेत. पहिली अट जीवशास्त्राची आणि दुसरी रसायनशास्त्राची असून, बहुतेक प्रथिने यांपैकी एका ठिकाणी तरी अडतात. आज वापरात असलेली सर्व औषधे मिळून मानवी प्रथिनांपैकी जेमतेम काही शे प्रथिनांवरच काम करतात.

पीसीएसके-९ हे प्रथिन शरीरात काय करते?

त्याचे पूर्ण नाव प्रोप्रोटीन कन्व्हर्टेज सबटिलिसिन/केक्सिन टाइप ९ असे लांबलचक आहे आणि ते पाठ करण्याची गरज नाही. ६९२ अमिनो आम्लांची ही साखळी मुख्यतः यकृतात तयार होते आणि तेथून रक्तात सोडली जाते. तिचे काम समजण्यासाठी आधी यकृताच्या पेशी रक्तातील एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, कसे उचलतात हे पाहावे लागते.

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे कॅरेट येतात. माल उतरवला की रिकामे कॅरेट पुन्हा शेतात जाते आणि दुसऱ्या दिवशी भरून परत येते. यकृताच्या पेशीच्या पृष्ठभागावर असलेला एलडीएल ग्राही, म्हणजे एलडीएल पकडणारे प्रथिन (रिसेप्टर), हा असाच कॅरेट आहे. तो रक्तातील एलडीएलचा कण पकडतो आणि पेशीच्या आत जातो. आतल्या आम्लधर्मी कप्प्यात पोहोचल्यावर कण सुटतो आणि ग्राही रिकामा होऊन पुन्हा पृष्ठभागावर येतो. एका फेरीला सुमारे दहा मिनिटे लागतात आणि एकच ग्राही आपल्या आयुष्यात अशा शंभराहून अधिक फेऱ्या मारू शकतो.

पीसीएसके-९ येथे आडवे येते. ते बाहेरूनच ग्राहीला चिकटते आणि त्याच्यासोबत आत जाते. आतल्या आम्लधर्मी वातावरणात त्याची पकड सुटत नाही, उलट आणखी घट्ट होते. त्यामुळे ग्राहीला घडी घालून परत फिरता येत नाही आणि तो पेशीच्या विघटन-कप्प्यात जाऊन नष्ट होतो. चांगल्या कॅरेटवर कोणी ‘भंगार’ अशी चिठ्ठी चिकटवून द्यावी, तसाच हा प्रकार आहे. कॅरेट कमी झाले की माल बाजारातच पडून राहतो, आणि ग्राही कमी झाले की एलडीएल रक्तातच फिरत राहते व कालांतराने धमन्यांच्या भिंतीत साचते.

उपमा येथेच थांबवतो, कारण खऱ्या कॅरेटप्रमाणे ग्राही बाहेरून विकत आणता येत नाहीत, ते पेशीलाच घडवावे लागतात.

हे प्रथिन कसे सापडले?

२००३ मध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या कामांची गाठ पडली. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे नाबिल सैदा यांच्या गटाने एका नव्या प्रथिनाचे वर्णन केले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये मारियान अबिफादेल आणि कॅथरीन बोइलो यांच्या गटाला, पिढ्यान्‌पिढ्या अतिशय जास्त कोलेस्टेरॉल असलेल्या फ्रेंच कुटुंबांमध्ये याच प्रथिनाच्या जनुकात बदल आढळले. एलडीएल ग्राहीचे जनुक या कुटुंबांत निर्दोष होते, त्यामुळे दोष कोठे आहे हे कोडेच होते. या उत्परिवर्तनांमुळे पीसीएसके-९ गरजेपेक्षा अधिक जोमाने काम करत होते.

एलडीएल ग्राहीचा शोध मात्र याच्या बराच आधीचा आहे. त्यासाठी मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ग्राही ठाऊक होता, पण त्याला मोडीत काढणारा आणखी दोन दशके अज्ञात राहिला.

हे लक्ष्य योग्य आहे, हे कशावरून ठरले?

माझ्या मते संपूर्ण कथेतील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. जास्त काम करणारे पीसीएसके-९ घातक असते, एवढ्यावरून ते बंद केल्यास फायदा होईलच असे सिद्ध होत नाही. कदाचित ते बंद केल्याने दुसरेच काही बिघडेल. हे तपासायला प्रयोगशाळेतील उंदीर काही प्रमाणात उपयोगी पडतात, परंतु माणसाचा उलगडा शेवटी माणसातच होतो.

अमेरिकेतील डॅलस येथे हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलट प्रश्न विचारला: ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतःच निकामी आहे, अशी माणसे आहेत का, आणि असतील तर ती कशी जगतात? अशी माणसे सापडली. २००६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे पंधरा वर्षे पाहणीखाली असलेले लोक होते. त्यांतील आफ्रिकी वंशाच्या २.६ टक्के व्यक्तींमध्ये या जनुकाची एक प्रत निकामी होती. त्यांचे एलडीएल इतरांपेक्षा सरासरी २८ टक्क्यांनी कमी होते आणि हृदयधमन्यांच्या विकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी होता.

या दोन आकड्यांमधील तफावत विचार करण्यासारखी आहे. एलडीएल २८ टक्के कमी असताना धोका ८८ टक्के कमी कसा? याचे उत्तर काळात आहे. या लोकांचे एलडीएल जन्मापासून कमी होते, त्यामुळे धमन्यांवर साचत जाणारा भार दर वर्षी थोडा थोडा कमी राहिला. पन्नाशीनंतर गोळी सुरू करणाऱ्या माणसाला ही सवलत मिळत नाही.

याशिवाय जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेली एक स्त्रीही आढळली. तिचे एलडीएल केवळ १४ मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर होते, आणि ती पूर्णपणे निरोगी होती. पीसीएसके-९ जवळजवळ नसतानाही माणूस ठणठणीत राहू शकतो, हा पुरावा कोणत्याही कंपनीला कितीही पैसे खर्चून विकत घेता आला नसता.

रोगाशी संबंध आढळलेले प्रत्येक प्रथिन असे लक्ष्य ठरते का?

नाही, आणि याचे धडा देणारे उदाहरण कोलेस्टेरॉलच्याच क्षेत्रात आहे. सीईटीपी नावाचे दुसरे एक प्रथिन आहे. ते अडवले की एचडीएल, म्हणजे चांगले समजले जाणारे कोलेस्टेरॉल, वाढते. तर्क सरळ वाटत होता: ज्यांचे एचडीएल जास्त त्यांना हृदयविकार कमी, म्हणून एचडीएल वाढवले की हृदयविकार कमी होईल. टॉरसेट्रापिब हे औषध याच तर्कावर तयार झाले. १५,०६७ रुग्णांच्या चाचणीत त्याने एचडीएल तब्बल ७२ टक्क्यांनी वाढवले, एलडीएलही कमी केले, आणि तरीही औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूंचे प्रमाण अधिक निघाले. डिसेंबर २००६ मध्ये ती चाचणी तातडीने थांबवण्यात आली. या औषधाने रक्तदाबही वाढत होता, तेव्हा दोष लक्ष्याचा किती आणि रेणूचा किती हा वाद नंतर चालला. परंतु रक्ततपासणीच्या कागदावरील आकडा सुधारणे आणि रुग्ण वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या चाचणीने कायमचे दाखवून दिले.

मग पीसीएसके-९ अडवणारी साधी गोळी आधी का आली नाही?

बहुतेक गोळ्यांतील औषधी रेणू लहान असतात आणि प्रथिनातील एखाद्या खोल खाचेत बसून त्याचे काम बंद पाडतात. कुलपाच्या भोकात काडी अडकवावी तसे हे असते. पीसीएसके-९ ज्या भागाने ग्राहीला धरते तो मात्र सपाट आणि पसरट आहे, त्यामुळे काडी अडकवायला भोकच नाही. दुसरी गंमत अशी की हे प्रथिन विकरांच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या (एन्झाइमांच्या), कुळातले आहे आणि त्याला विकराची खाचही आहे, पण ग्राहीचा नाश करण्यासाठी ते ती वापरतच नाही. ती केवळ तयार होताना स्वतःचाच एक तुकडा तोडण्यासाठी कामी येते, आणि तो तुकडा नंतर बुचासारखा तिथेच बसून राहतो. रक्तात फिरणाऱ्या प्रथिनाची ती खाच बंद करून काही साधत नाही.

आता या अडचणीवर मार्ग निघू लागला आहे. एन्लिसिटाइड नावाचे, कड्याच्या आकाराच्या लहान पेप्टाइडचे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचे) औषध तोंडावाटे घेता येते. त्याच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये जाहीर झाले आहेत.

सध्या कोणती औषधे आहेत आणि ती कशी काम करतात?

सपाट पृष्ठभाग झाकायचा तर झाकणही मोठे हवे, म्हणून पहिली औषधे प्रतिपिंडांच्या, म्हणजे ठरावीक लक्ष्यालाच चिकटणाऱ्या मोठ्या प्रथिनांच्या (अँटीबॉडींच्या), स्वरूपात आली. अलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब या दोन्हींना अमेरिकेत २०१५ मध्ये परवानगी मिळाली. ही प्रतिपिंडे रक्तातच पीसीएसके-९ ला पकडतात, त्यामुळे ते ग्राहीपर्यंत पोहोचत नाही. प्रतिपिंड हे स्वतः एक प्रथिन असल्याने ते पोटात पचून जाईल, म्हणून ते त्वचेखाली टोचावे लागते. इव्होलोक्युमॅब साधारणतः दर दोन आठवड्यांनी १४० मिलीग्रॅम या मात्रेत देतात. बोकोसिझुमॅब हे तिसरे प्रतिपिंड शर्यतीत होते, परंतु अनेक रुग्णांच्या शरीराने त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडे तयार केल्याने परिणाम ओसरू लागला आणि २०१६ मध्ये त्यावरील काम थांबले. लक्ष्य अचूक असूनही रेणू नापास होऊ शकतो, तो असा.

इन्क्लिसिरानचा मार्ग निराळा आहे. तो प्रथिनाला पकडत नाही, तर प्रथिन तयार करण्याची आज्ञा वाहून नेणारा संदेशवाहक आरएनए यकृताच्या पेशीतच नष्ट करवतो. त्याला जोडलेल्या एका विशिष्ट शर्करेमुळे तो नेमका यकृताकडे ओढला जातो. पहिली मात्रा, तीन महिन्यांनी दुसरी आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी एक, असे त्याचे वेळापत्रक असते. एलडीएल सुमारे निम्म्यावर येते.

या औषधांनी हृदयविकार खरोखर टळतो का, की केवळ आकडा खाली येतो?

टॉरसेट्रापिबनंतर हा प्रश्न विचारलाच पाहिजे. २०१७ मध्ये इव्होलोक्युमॅबच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात २७,५६४ रुग्ण होते, सर्वांना आधीपासून हृदय, मेंदू किंवा पायांच्या धमन्यांचा विकार होता आणि ते स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या नेहमीच्या गोळ्या, घेत होते. एलडीएल ९२ वरून ३० वर आले, म्हणजे ५९ टक्के घट झाली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आदी एकत्रित घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या. अलिरोक्युमॅबच्या १८,९२४ रुग्णांच्या चाचणीतही, २०१८ मध्ये, जवळपास तेवढीच घट दिसली.

५९ टक्के घट आणि केवळ १५ टक्के फायदा, हे ऐकून काहींची निराशा होते. इव्होलोक्युमॅबच्या चाचणीचा मध्यम कालावधी जेमतेम २.२ वर्षांचा होता, आणि डॅलसच्या अभ्यासातील लोकांना आयुष्यभराचा लाभ मिळाला होता, हे लक्षात घेतले तर आकडे एकमेकांना छेद देत नाहीत. तरीही एक सांगणे आवश्यक आहे: इव्होलोक्युमॅबच्या त्या चाचणीच्या काळात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. विक्रीच्या पत्रकांत ही ओळ सहसा ठळक अक्षरांत छापलेली नसते.

स्वस्त स्टॅटिन उपलब्ध असताना याची गरज काय?

बहुतेकांना गरज नाही. स्टॅटिन, सोबत आवश्यक तर इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी, एवढ्यावर पुष्कळांचे भागते आणि या गोळ्या कोणत्याही गल्लीतल्या औषध दुकानात मिळतात. इंजेक्शनांचा विचार करतात तो पूर्ण मात्रेतील गोळ्यांनंतरही एलडीएल उद्दिष्टाच्या वर राहणाऱ्या, धोका फार असलेल्या रुग्णांसाठी, किंवा ज्यांना स्टॅटिन खरोखरच सोसत नाही त्यांच्यासाठी.

स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल आणखी सुमारे ६ टक्केच का उतरते, याचे एक कारणही पीसीएसके-९ हेच आहे. स्टॅटिनमुळे पेशीला कोलेस्टेरॉलची टंचाई जाणवते, म्हणून ती अधिक ग्राही बनवते. पण तीच कळ दाबली गेल्याने पीसीएसके-९ सुद्धा अधिक तयार होते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते. दोन्ही औषधे एकत्र दिल्यास परिणाम चांगला मिळतो तो यामुळेच.

एलडीएल ३० पर्यंत खाली आणणे धोक्याचे नाही का? स्मरणशक्ती जाते, असे ऐकले आहे.

ही शंका रास्त होती, म्हणूनच तिची स्वतंत्र तपासणी झाली. इव्होलोक्युमॅबच्या चाचणीतील १,९७४ रुग्णांच्या स्मृती आणि आकलनाच्या चाचण्या घेण्यात आल्या. औषध घेणारे आणि न घेणारे यांत फरक आढळला नाही. मेंदू आपल्याला लागणारे कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो, रक्तातील एलडीएलवर अवलंबून राहत नाही. टोचलेल्या जागी लाली किंवा दुखणे हा नेहमी आढळणारा त्रास आहे. गरोदर स्त्रियांनी किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्यांनी याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलले पाहिजे.

आमच्या घरात चाळिशीतच हृदयविकाराचे झटके आले आहेत. याचा या प्रथिनाशी संबंध असू शकतो का?

असू शकतो. आनुवंशिक अति-कोलेस्टेरॉल हा विकार जगभरात साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला असतो. त्यातील बहुतेकांत दोष एलडीएल ग्राहीच्या जनुकात असतो, पीसीएसके-९ मध्ये तो थोड्यांतच आढळतो. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६१ लाख होती. ३०० ला एक हे प्रमाण येथे लावले तर वीस हजारांच्या आसपास माणसे होतात. हा मी केलेला भागाकार आहे, कोणी घरोघरी जाऊन मोजलेली संख्या नाही. पण यांतील बहुतेकांना स्वतःविषयी माहिती नसावी, असे मला वाटते.

उपचार न घेता एलडीएल १९० च्या वर असणे, टाचेमागील किंवा बोटांच्या स्नायुबंधांवर गाठी येणे, तरुण वयातच बुबुळाभोवती पांढुरके कडे दिसणे, आणि आईवडील वा भावंडांना लवकर झटका येणे, ही लक्षणे आढळल्यास डॉक्टरांना कुटुंबाचा इतिहास आवर्जून सांगावा. एका व्यक्तीचे निदान झाले की तिच्या मुलांची आणि भावंडांची साधी लिपिड तपासणी करणे हाच सर्वांत उपयोगी मार्ग आहे. ‘आमच्याकडे सगळ्यांचे असेच असते’ हे वाक्य निदानासाठी मोलाचे असते, आणि नेमके तेच दवाखान्यात सांगायचे राहून जाते.

रक्तातील पीसीएसके-९ ची पातळी तपासून घ्यावी का?

नाही. संशोधनात ती मोजतात, परंतु उपचार ठरतो तो एलडीएलवर आणि एकूण धोक्यावर.

आहाराने किंवा वनस्पतींनी हे प्रथिन कमी करता येते का?

दारुहळदीत असलेल्या बर्बेरिन या द्रव्याने पेशींवरील प्रयोगांत पीसीएसके-९ चे उत्पादन घटते, हे खरे आहे. पण काचेच्या बशीतील पेशी म्हणजे माणूस नव्हे, आणि बर्बेरिन इतर औषधांच्या पचनात ढवळाढवळ करते. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असताना असे चूर्ण गुपचूप घेऊ नये. द्राक्षांविषयीही नाशिककर हमखास विचारतात. द्राक्षे चवीसाठी खावीत, मधुमेह असल्यास बेतानेच.

एकदाच उपचार करून हे जनुक कायमचे बंद करता येईल का?

त्या दिशेने चाचण्या सुरू आहेत. यकृतातील पीसीएसके-९ च्या जनुकातील एक अक्षर बदलून ते निकामी करणारा उपचार २०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये प्रथम एका रुग्णाला देण्यात आला. सुरुवातीच्या निष्कर्षांत एलडीएल उतरले, परंतु हा उपचार यकृतापर्यंत पोहोचवणाऱ्या सूक्ष्म मेदकणांशी निगडित दुष्परिणामांमुळे त्या पहिल्या रूपाऐवजी सुधारित रूपावर काम वळवण्यात आले. गोळी सोसली नाही तर बंद करता येते. जनुकातील बदल मागे घेता येत नाही. त्यामुळे येथे घाई न होणे हे मला योग्यच वाटते.

नाशिकमध्ये राहून अशा औषधांच्या चाचणीत भाग घेता येईल का?

चाचणी चालू असेल आणि आपण निकषांत बसत असाल तर घेता येतो. भारतातील चाचण्यांची नोंद भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, करणे १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे आणि ती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. नोंद सापडत नसेल तर तेथेच थांबावे. संमतीपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मागण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि ते घरी नेऊन मुलांना दाखवण्यासाठी वेळ मागणे गैर नाही. चाचणी मध्येच सोडता येते आणि त्यासाठी कारण द्यावे लागत नाही. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई यांची तरतूद आहे. सहभागासाठी रुग्णाकडूनच पैसे मागितले जात असतील, तर नीतिविषयक समितीकडे विचारणा करावी. तिचा संपर्क संमतीपत्रावर छापलेला असतो.

इंजेक्शन नाशिकहून गावी न्यायचे असल्यास काय काळजी घ्यावी?

प्रतिपिंडांची इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, मूळ खोक्यात आणि उजेडापासून दूर ठेवावी लागतात. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशी गाठतो, तेव्हा पेठ किंवा सुरगाण्याच्या एसटीत पिशवी खिडकीशी ठेवली तर औषध वाया जाण्याची भीती असते. मात्र उलटी चूकही तितकीच सर्रास होते: इंजेक्शन थेट बर्फाला टेकवून ठेवले जाते आणि ते गोठते. गोठलेले प्रतिपिंड वितळल्यावर वरून जसेच्या तसे दिसले तरी ते वापरायचे नसते. थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवावी, फ्रीजमध्येही ते बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावे, आणि टोचण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढून आपोआप कोमट होऊ द्यावे. गरम पाण्यात धरू नये. इन्क्लिसिरानला फ्रीज लागत नाही, आणि ते वर्षातून दोनदा दवाखान्यातच टोचत असल्यामुळे गावी न्यायचा प्रश्नही सहसा येत नाही.